चौथी सही

आबा,

परवा एका बाईंनी एक प्रश्न विचारलाय. माझं नाव घेऊन नाही, ज्याला उत्तर माहीत असेल त्याने कळवावं, एवढंच त्यांनी लिहिलंय. उत्तर माहीत असलेली माणसं आता दोन-तीनच उरली आहेत आणि त्यातली एक मी आहे. त्यांना लिहायच्या आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुमच्याविषयी तुमच्या माघारी बोलायची सवय गावाला होती. मला ती नको.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा आधी मी हल्ली काय करते ते सांगते. माझी नोकरी संपली. जमिनींचे जुने फेरफार वाचण्यात माझी सगळी वर्षं गेली हे तुम्हाला ठाऊकच आहे. कितीही किरटं अक्षर असलं तरी मला लागतं, असं ऑफिसात म्हणायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरात अडकले, तेव्हा माझ्या लेकीने पुण्याहून एक काम सुचवलं. एका संग्रहालयाने विमानांचे आणि रॉकेटांचे जुने कागद फोटो काढून संगणकावर ठेवलेत. वैमानिकांची पत्रं, इंजिनांच्या नोंदवह्या, पहिली रॉकेटं उडवणाऱ्यांच्या टिपणवह्या. हाताचं अक्षर यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून जगभरची रिकामी माणसं घरी बसून ते टाइप करून देतात. ना पगार, ना साहेब.

नियम थोडेच आहेत. पानावर आहे तेच लिहायचं. चूक असेल तर चुकीसकट लिहायचं. खोडलेलं असेल तर खोडलेलं म्हणून लिहायचं. लागलंच नाही तर ‘वाचता येत नाही’ असं लिहून पुढे जायचं. मग दुसरा कोणीतरी ते पान तपासतो आणि ते सगळ्यांना वाचायला खुलं होतं.

मला ते फार आवडलं, आबा. एका वैमानिकाने बायकोला लिहिलेली चाळीस पत्रं मी टाइप केली. त्यात विमानाबद्दल चार ओळी आणि बाकी सगळी चौकशी, गाय व्याली का, छपराचं काय झालं. एका रॉकेटवाल्याच्या वहीत आकडेमोडीच्या मधेच ‘आज पुन्हा भात करपला’ असं लिहिलेलं होतं. मी एकटीच हसत बसले.

शेजारचे भाटकर काकाही माझ्या नादाने यात आले. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता. बोटीवर इंजिनियर होते, तीस वर्षं दर्यावर काढून इथे रत्नागिरीत मांडवीजवळ घर बांधलंन, बायको गेल्यापासून एकटेच असतात. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासे घेऊन येतात, माझी पिशवी ओट्यावर ठेवतात, आणि दहा ते बारा आम्ही ओटीवर समोरासमोर बसतो. मी टाइप करायचं, त्यांनी तपासायचं.

गणपती झाल्यावर एक नवीन जुडगा आला. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबच्या नोंदवह्या. क्लबचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हीही ते घरात कधी घेतलं नाहीत. पण मला ते माहीत होतं. तुमच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणावर आतल्या बाजूला ते रंगवलेलं होतं आणि त्यावर तुम्ही दुसरा रंग मारला होतात. उन्हात तिरपं धरलं की अक्षरं दिसायची.

मी तो जुडगा उचलला नसता तर दुसऱ्या कोणीतरी उचलला असता. असं मी स्वतःला सांगितलं.

तुम्ही मुंबई सोडून गावी, पालीला आलात तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळेचं वर्ष अर्धं झालं होतं. विजय आईच्या मांडीवर, जेमतेम तीन-चार महिन्यांचा. आपण का आलो हे मला कोणी सांगितलं नाही, ते मी बाहेर ऐकलं. विहिरीवर बायका आईला बघून गप्प व्हायच्या. शाळेत एका मुलीने मला विचारलं, “तुझ्या बापाने विमान पाडलान ना?”

मी घरी येऊन तुम्हाला तेच विचारलं. तुम्ही पडवीत सुंभ वळत बसला होतात. हातातलं खाली ठेवलंत आणि उठून गेलात. जेवणाच्या वेळेला परत आलात, मुकाट्याने जेवलात. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. चांगली मोठी झाले, लग्न झालं, मूल झालं, तरी विचारलं नाही. ही चूक माझी. पण तुम्ही तरी एकदा मला जवळ बसवून का सांगितलं नाहीत? सात वर्षांच्या पोरीला नव्हतं कळणार, पण चाळीस वर्षांच्या बाईला कळलं असतं.

तर ती वही. प्रत्येक विमानाची वेगळी वही असते. रोजच्या रकान्यात तारीख, वैमानिकाचं नाव, त्याची तक्रार, केलेलं काम, विमान उडायला योग्य की नाही, आणि तपासणाऱ्याची सही. सगळं इंग्रजीत. पहिली साठ-सत्तर पानं दुसऱ्या कोणाची होती. मग एका पानावर अक्षर बदललं.

तुम्ही इंग्रजी आठचा आकडा दोन सुटी वर्तुळं एकावर एक ठेवून काढायचात. लोणच्याच्या बरण्यांवर तारीख घालायचात ना, तसा. तो आठ मला संगणकावर दिसला आणि माझे हात कळांवरून खाली आले.

भाटकर काका समोरून म्हणाले, “काय गो, अडलं?”

“नाही,” मी म्हटलं.

“अक्षर बघितलंस? सुरेख आहे. मशीनवर काम करणाऱ्याचं असं अक्षर मी कधी बघितलं नाही.”



त्या दिवसापासून मी रोज दोनच पानं करायला लागले. पुढची पानं उघडायला कोणी अडवलं नव्हतं. एक बटण दाबलं की शेवटचं पान आलं असतं. मी दाबलं नाही. वही किती पानांची आहे ते कोपऱ्यात दिसतं. मी तो आकडा बघायची आणि रोज त्यातून दोन वजा करायची.

सुरुवातीला सगळं साधं होतं. चाकात हवा कमी, भरली. काचेला तडा, बदलली. तुमची सही. मग एका वैमानिकाची तक्रार आली, की उडायच्या आधी इंजिन तपासताना डावीकडच्या मॅग्नेटोवर इंजिन अडखळतं.

मॅग्नेटो म्हणजे काय हे मला भाटकर काकांनी सांगितलं. इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र. विमानात ती दोन असतात, एक गेलं तर दुसऱ्याने सांभाळून घ्यावं म्हणून. “एक आधीच आजारी असलं,” ते म्हणाले, “तर दुसऱ्याच्या भरवशावर वर जायचं नसतं.”

तुम्ही लिहिलं होतंत, ‘मॅग्नेटो बदलणे आवश्यक. तोपर्यंत विमान उडवू नये.’ खाली सही. आणि त्याच्यावर एक आडवी रेघ, हिरव्या शाईची. रेघेखाली दुसऱ्याच अक्षरात, ‘जमिनीवर चालवून पाहिले. योग्य.’ आणि हिरवी सही.

विमान उडालं आणि परत आलं.

चार पानांनंतर पुन्हा तीच तक्रार. पुन्हा तुमचं तेच वाक्य, ह्या वेळी ‘उडवू नये’खाली दोन रेघा मारलेल्या. पुन्हा हिरवी शाई. विमान पुन्हा परत आलं.

भाटकर काका तपासत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे काही चांगलं लक्षण नाही,” म्हणाले. “बोटीवर असं दोनदा झालं की मी रात्री कपडे घालून झोपायचो.”

तिसऱ्या वेळी तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिलंत. कागदावर निब इतकं दाबलं होतंत की फोटोतसुद्धा ते कळतं. तेही खोडलं गेलं.

त्या दिवशी आई ओटीवर आली. ती आता माझ्याकडेच असते, ऐंशी कधीच ओलांडली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं चांगलं दिसतं. माझ्या खांद्यामागे उभी राहिली. मला वाटलं, चहाचं विचारायला आली असेल.

“हे ह्यांचं अक्षर,” ती म्हणाली.

मी मान वळवली. तिचा चेहरा बघून भाटकर काका उठले आणि मासे साफ करायचे राहिलेत म्हणून घरी गेले.

“बंद कर ते,” आई म्हणाली.

“आई, ह्यात लिहिलंय, आबा नको म्हणत होते. तीनदा.”

“मला ठाऊक आहे तीनदा. बंद कर. पुढे जाऊ नकोस.”

मी बंद केलं. आठ दिवस उघडलं नाही. ते आठ दिवस आई जेवायला बसली की भात चिवडायची आणि उठायची. एकदा मला विचारलंन, “उरलेली पानं दुसरं कोणी वाचील?” मी म्हटलं, आज ना उद्या वाचील.

आबा, त्या आठ दिवसांत मला तुमचं मिरकरवाड्यावरचं काम फार आठवलं. विमानं सोडून तुम्ही ट्रॉलरची इंजिनं धरलीत. बोटी चालवणारे सगळे तांडेल तुम्हाला मानायचे आणि शिव्याही घालायचे. इंजिन मनासारखं झालं नाही, तर तुम्ही त्याचा इंजेक्टर काढून खिशात टाकायचात आणि सरळ एसटीने पालीला घरी यायचात. बोट जाणार कशी? एकदा एक तांडेल तुमच्या मागोमाग पालीपर्यंत आला आणि अंगणात उभा राहून ओरडला. ऐन हंगाम होता. तुम्ही जेवत होतात. जेवण संपवलंत, हात धुतलात आणि म्हणालात, “चार दिवस दर्यावर नाय गेलास तर मरणार नायस.” आम्हाला तुमची लाज वाटायची. विजय म्हणायचा, आबा हट्टी आहेत. हट्ट नव्हता तो. मला हे साठीच्या घरात आल्यावर कळलं, आणि तेही एका वहीमुळे.

तुमच्या शेवटच्या दिवसांतलंही आठवलं. इस्पितळात तुम्ही सारखं विचारायचात, “निघालं का ते? निघालं?” आम्हाला वाटायचं, एसटीचं विचारताय. मी म्हणायची, निघालं आबा, मघाशीच निघालं. तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवायचात. मी काय सांगत होते तुम्हाला? मला माफ करा.

नवव्या दिवशी मी वही उघडली. आईला सांगून उघडली. ती माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसली.

पुन्हा तीच तक्रार होती. डावा मॅग्नेटो. वैमानिकाचं नाव नवीन होतं, शिकाऊ असावा, कारण पुढे गुरूचंही नाव होतं. आणि समोर तुमचं अक्षर, बारीक, ओळ सोडून थोडं खाली घसरलेलं. ‘प्लग साफ केले. जमिनीवर चालवून पाहिले. उडण्यास योग्य.’

खाली तुमची सही. हिरवी शाई कुठेच नव्हती.

पुढचं पान कोरं. त्यापुढच्या पानावर तिसऱ्याच अक्षरात दोन ओळी, विमान नष्ट झाल्यामुळे वही बंद केली म्हणून.

आईने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग तिने सांगितलंन. तुम्ही तिला कधी बोलू दिलं नाहीत ना? आता बोलली.

“क्लबचा साहेब खोलीवर आला होता. म्हणाला, माझ्या सह्या फार झाल्या, वरून विचारतील, आता तुम्ही करा. नाही केलीत तर खोली रिकामी करा. विजय आठ दिवसांचा होता. मला ताप. हे काही बोलले नाहीत. साहेब गेल्यावर मीच म्हटलं. म्हटलं, तीनदा गेलं ते आलंच ना परत? सगळे करतात, तुम्हीच कशाला अडून बसता? करून टाका सही.”

मी तिचा हात धरला.

“विमान पडलं, तो शिकाऊ पोरगा गेला. चौकशीत ह्यांनी पहिली तीन पानं काढलीच नाहीत,” आई म्हणाली. “एकच सांगितलंनी, सही माझी आहे. साहेबाचं नाव नाही, माझं नाव नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, तू हे कोणाला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. पण मला झोप नाही गो तेव्हापासून.”

तुम्ही तिला वाचवायला गप्प बसलात, आबा. पण ती वाचली का? इतकी वर्षं दोघांनी एका घरात एकमेकांकडे न बघता काढलीत. हे तुम्हाला सांगायला कोणीतरी हवं होतं.

ते पान मी त्या दिवशी टाइप केलं नाही. खरं सांगते. त्या पानाला खालच्या बाजूला ओल लागली आहे. सहीवर डाग आहे. अनोळखी माणसाला ती सही लागली नसती. मी ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं असतं तर ते अगदी खोटंही ठरलं नसतं. मी तसं लिहिलं. ते तीन शब्द पडद्यावर होते आणि फक्त पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

तेवढ्यात भाटकर काका आले. माझ्या मागे उभे राहून त्यांनी पान बघितलं आणि माझे तीन शब्द बघितले. आईकडे बघितलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“तुझे वडील?”

“हो.”

ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “शालन, मी तपासणारा आहे. तू म्हणशील तर मी काही बघितलं नाही. पण एक सांगतो. ह्या माणसाने तीनदा नको म्हटलंन, ते ह्याच वहीत आहे. चौथं पान झाकलंस, तर पहिली तीन खरी कशावरून?”

आई म्हणाली, “लिही.”

मी ते तीन शब्द पुसले आणि तुमचं नाव टाइप केलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. भाटकर काकांनी समोर बसून तपासलं आणि पान पुढे पाठवलं. मग आम्ही तिघांनी चहा घेतला.

मला वाटलं होतं, इथे हे संपलं. ही पानं कोण वाचतं? पण प्रत्येक पानाखाली लिहायला एक जागा असते, शंका विचारायला. परवा सकाळी तुमच्या पानाखाली चार ओळी आल्या होत्या. आडनाव मी लगेच ओळखलं. वैमानिकाच्या रकान्यात मी ते स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

त्यांनी लिहिलंय, ‘मी त्यांची धाकटी बहीण. इतकी वर्षं आम्हाला सांगितलं गेलं की चूक माझ्या भावाची होती. ज्यांची ही सही आहे, ते कोण? ते गृहस्थ आज कुठे आहेत? ज्याला माहीत असेल त्याने कळवावं.’

बस, एवढंच. राग आहे की नुसतीच विचारणा, कळायला मार्ग नाही. आणि ‘चूक भावाची’ हे मला नवीनच होतं. पालीत आम्ही समजत होतो की सगळा ठपका तुमच्यावर आला. तिकडे त्या घरात ते पोरगं दोषी ठरलं होतं. तुम्हाला हे माहीत होतं का, आबा? ‘सही माझी’ म्हटलंत, तरी ते कोणी मानलं नाही, की ते त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नाही? ह्याचं उत्तर आता मला कोणाकडूनच मिळणार नाही.

दोन दिवस मी पडद्यापुढे बसतेय आणि उठतेय. विजयला मुंबईला फोन केला. तो म्हणाला, “ताई, गप्प बस. तुझं आडनाव नवऱ्याचं, कोण ओळखतंय तुला? आईच्या दारात उद्या कोण येऊन उभं राहील, सांगता येतं का?” त्याचं चुकीचं नाही. मलाही भीती वाटते. काल फाटक वाजलं, कुरियरवाला होता, तरी मी खिडकीआडून बघून मगच दार उघडलं. ती बाई काय करील? वकील आणील? नुसतीच येऊन आईकडे बघत राहील? ते तर मला सगळ्यात कठीण वाटतं.

पण विजयला एक ठाऊक नाही. रात्रभर विचार करून आज सकाळी आईने मला हाक मारली आणि म्हणाली, “तिला लिही. माझं वय लिही म्हणजे ती लवकर येईल.”

म्हणून आबा, हे पत्र मिटलं की मी त्या बाईंना उत्तर लिहिणार आहे. लिहीन की सही माझ्या वडिलांची आहे, ते आता नाहीत, आणि त्यांची बायको रत्नागिरीत आहे. माझं खरं नाव आणि घरचा पत्ता देईन. त्या आल्या तर तुमच्यासाठी एकही सबब पुढे करणार नाही. चारही पानं त्यांच्यासमोर ठेवीन, एकही मागे ठेवणार नाही. त्या काय बोलतील ते ऐकून घेईन. आणि आई जे सांगायला बसली आहे ते तिला सांगू देईन. तुम्ही तिला घातलेली शपथ मी आज मोडतेय, एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
शालू